रेडिओच्या गाडीतला कॅमेरा

शपथेवर सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. ज्याला खोटं वाटत असेल त्याने आत्ताच उठून आपल्या कामाला लागावं. मागाहून "असं कुठं असतं का" म्हणत डोकं खायचं नाही. तर ऐका.

"दाबलं का, बाबा?"

"दाबलं."

"निळा दिवा लागला?"

"लागला," रेडिओ म्हणाला, आणि लागलेला दिवा अंगठ्याखाली झाकून त्याने तेच बटण पुन्हा दाबलं. दिवा विझला.

बाहेर जिन्याखालच्या सावलीत त्याचा मुलगा फोन डोळ्यांजवळ धरून उभा होता. उन्हात पडद्यावरचं काही दिसत नव्हतं, म्हणून तो तिकडे आणि बाप गाडीत. "यादीत शेजाऱ्यांचं वायफाय दिसतंय, समोरच्या दुकानाचं दिसतंय," तो ओरडला. "आपल्या कॅमेऱ्याचंच नाव दिसत नाहीये. दिवा खरंच लागलाय ना?"

"अरे लागलाय म्हणतो ना! माझे डोळे काय उसने आणलेत का?"

रेडिओ हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. तो टॅक्सी चालवायचा आणि स्टँडवरच्या लोकांनी त्याला हे नाव ठेवलं होतं. माणूस इतका बोलायचा, इतका बोलायचा, की प्रवासी उतरून घरी जाऊन हातपाय धुऊन बसला तरी रिकामी गाडी आपली बोलतच असायची. एकदा एका मुक्या माणसाला त्याने गावाच्या दुसऱ्या टोकाला सोडलं, तर उतरताना तो माणूस "पुरे!" म्हणाला म्हणे. बायको तेवढी त्याला "अहो" म्हणायची, पण त्या "अहो"मध्येही "जरा गप्प बसा" हे आलेलंच असायचं.

मुलाला सगळे बाळ्या म्हणत. आता बाळ्या चांगला तिशीचा गडी, खांदे दाराएवढे. तुंबलेली गटारं मोकळी करायचं काम करायचा. लांब लवचिक सळ्या, एक मशीन, गुडघ्यापर्यंतचे बूट. लोकांच्या बाथरूमातून पाणी उलटं यायला लागलं की त्यांना देव आठवायच्या आधी बाळ्या आठवायचा. पाणी सुरळीत वाहायला लागलं की त्याच लोकांना तो दारातून कधी जातो असं व्हायचं. बाळ्याला त्याचं काही वाटायचं नाही. निदान तसं दाखवायचा नाही. गाडीतला तो कॅमेरा त्यानेच आणला होता, बापाच्या वाढदिवसाला. स्वतः काचेला चिकटवला, वायर छताच्या कडेने अशी लपवली की नवीन गाडीतसुद्धा कुणी लपवत नसेल. "बाबा, उद्या कुणी येऊन धडकला आणि तुमच्यावरच उलटला, तर हा साक्ष देईल," म्हणाला.

आणि झालं तसंच. आदल्या दिवशी एक मोटरसायकलवाला उलट्या बाजूने आला, टॅक्सीच्या तोंडावर आपटला आणि हात मोडून घेतला. मोडला तर मोडला, वर टॅक्सीच्या मालकीणबाईंकडे जाऊन सांगून आला, "तुमचा ड्रायव्हर बडबडत होता. समोर लक्षच नव्हतं त्याचं." आता रेडिओ बडबडत होता हे ऐकून अविश्वास कोण दाखवणार? दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी रेडिओला बोलावून सांगितलं, "उद्या सकाळी मला कॅमेऱ्यातलं दाखवा. चूक त्याची असेल तर मी बघते त्याच्याकडे. तुमची असेल, तर किल्ली टेबलावर ठेवून जा. या वयात तुम्हाला रस्त्यावर ठेवणं मलाच झेपणार नाही."

किल्ली गेली की रेडिओ काय राहिला? घरी बसून भिंतींशी बोलणार? म्हणून दुपारी जेवण होताच तोच मुलाच्या मागे लागला होता. "चल रे, जोड तो फोन. मी सिग्नल दिला होता, हॉर्नपण मारला होता. सगळं दिसेल त्यात."

"हॉर्न दिसेल कसा? ऐकू येईल," बाळ्या बूट शोधता शोधता म्हणाला.

"म्हणजे?"

"आवाज येतो ना त्यात. गाडीतलं सगळं रेकॉर्ड होतं, बाबा. तुम्ही बोलता ते, प्रवासी बोलतात ते. मी कागद वाचून दाखवला होता की तुम्हाला, कॅमेऱ्याच्या डब्यात आला होता तो."

वाचून दाखवला असेल. रेडिओ तेव्हा बोलत असणार.

रेडिओ मुलाच्या आधी गाडीत जाऊन बसला. आणि इथून ते दिव्याचं चालू-बंद सुरू झालं.

"कॅमेरा तापला असेल," तो गाडीतून म्हणाला. "जाऊ दे. कार्डच खराब झालं असणार. मी परवा काढून शर्टाला पुसलं होतं."

"शर्टाला? बाबा, ते काय चष्मा आहे का?" बाळ्या हसत सावलीतून पुढे आला. "थांबा, मीच बघतो." पण तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत तळमजल्यावर घाण वर आली होती आणि तिथली माणसं खुर्च्यांवर पाय घेऊन बसली होती. "संध्याकाळी बघू," म्हणत त्याने मशीन उचललं. जाता जाता खिडकीतून वाकून सांगितलं, "घाबरू नका हो. तुमची चूक नसणारच. मला माहीतये ना तुम्ही कसे चालवता."

ते "मला माहीतये ना" रेडिओच्या कानात बराच वेळ राहिलं.

मग त्याने एक उद्योग केला. आत जाऊन बायकोचा फोन उचलला. बाळ्याने ते कॅमेऱ्याचं अॅप आईच्याही फोनमध्ये घालून ठेवलं होतं, कधी लागलं तर असावं म्हणून. रेडिओ गाडीत बसला, काचा वर केल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवून एक काम केलं. बटण दाबून धरलं. दिवा निळा लुकलुकायला लागला. फोनच्या यादीत कॅमेऱ्याचं नाव आलं, मालगाडीएवढं लांब, निम्मे आकडे. पासवर्ड मागितला. तो कॅमेऱ्याच्या बुडाशीच छापलेला होता, एक ते आठ ओळीने, शाळेतल्या पहिलीच्या वर्गासारखे. टाकला. जोडलं गेलं. लगेच फोन म्हणाला, इथे इंटरनेट नाही, आणि आपला आपण घरातल्या वायफायवर उडी मारून गेला. पुन्हा जोडलं, पुन्हा उडाला. रेडिओने त्याला हळू आवाजात अशा काही शिव्या दिल्या की त्या इथे सांगत नाही. शेवटी त्याला बाळ्याचं बोलणं आठवलं: मोबाइलचा डेटा बंद करायचा, आणि 'तरीही जोडून ठेवा'वर बोट ठेवायचं. ठेवलं. अॅप उघडलं आणि त्यात समोरचं अंगण दिसलं, दोरीवर कपडे वाळत घालणारी बायको दिसली. तिला पत्ता नाही. ती आपली नवऱ्याची बनियन झटकत होती.

त्याने कालच्या फायली उघडल्या. त्यातली हवी ती सापडली.

कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे, त्यामुळे माणसं दिसत नव्हती. नुसता रस्ता येत होता, आणि आवाज. मागे बसलेल्या बाई त्याला आठवल्या, मोत्यांची माळ घातलेल्या. त्यांनी विचारलं, "तुम्हाला मुलंबाळं?"

"एक मुलगा," रेडिओचा आवाज म्हणाला. "वैमानिक आहे."

"अय्या, हो?"

"मोठी विमानं चालवतो. असं अलगद उतरवतो की झोपलेल्या म्हाताऱ्या जाग्या होत नाहीत, त्यांना हलवून सांगावं लागतं, आजी, जमीन आली. गेल्या महिन्यात आमच्या घरावरून गेला तेव्हा पंख हलवून दाखवला त्याने आईला. तिची अर्धी धुणी उडाली!"

बाई खळखळून हसल्या. ही गोष्ट काही नवीन नव्हती. रेडिओने ती कधीतरी एका रटाळ प्रवासात बनवली आणि मग ती त्याच्या जिभेवर राहायलाच आली. कुणी आपल्या अधिकारी मुलाचं सांगितलं की हा आपलं विमान काढायचा. त्यात कुणाचं काय जातंय, असं त्याला वाटायचं.

पडद्यावर रस्ता वळला. कडेला एक चेंबर उघडं होतं, भोवती लाल पट्टी बांधलेली, आणि पट्टीच्या आत लांब बुटातला एक माणूस ओणवा. गाडी ओळखून तो सरळ झाला. हातातली सळई दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा हात वर केला. हसत होता. गाडी जवळ आली तसा तो हात आणखी उंच गेला, लहान मूल शाळेच्या गेटवर करतं तसा.

"अहो, तो तुम्हाला हात करतोय वाटतं," बाई म्हणाल्या. "ओळखीचा आहे?"

"छे हो," रेडिओचा आवाज म्हणाला. "असेल कुणीतरी गटारवाला."

"काच लावा हो. वास येईल," बाई म्हणाल्या.

काच वर जाताना कुरकुरली, तेही ऐकू आलं. माणूस बाजूला सरकला आणि पडद्याबाहेर गेला. त्याचा हात अजून वरच होता.

मग विमान पुन्हा सुरू झालं, मग हॉर्न, मग ब्रेक, मग धाडकन. त्या पोराची चूक अगदी उघड दिसत होती. उलट्या बाजूने आला होता तो, आणि वर फोनमध्ये बघत. रेडिओने ते दोनदा बघितलं, पण त्याला दुसरंच काहीतरी ऐकू येत होतं. "छे हो." खोटं त्याने जन्मभर सांगितलं होतं, त्याचं काही नाही. पण हे किती सहज आलं होतं! जीभ कुठे अडली नाही, घशात काही अडकलं नाही. खोकलासुद्धा आला नाही मेला.

आदल्या रात्रीच बाळ्याने जेवताना विचारलं होतं, "बाबा, दुपारी मी हात केला, तुमचं लक्ष नव्हतं वाटतं?" आणि हा म्हणाला होता, "कुठे रे? पाहिलंच नाही मी." आणि वर भाकरीचा... नाही, भाकरी नव्हती, जे काही होतं त्याचा घास घेतला होता.

खाली कचऱ्याच्या डब्याचं चित्र होतं. त्याने त्यावर बोट ठेवलं. फोनने विचारलं: ही फाईल कायमची काढून टाकायची? होय. नाही.

पुसली तर नोकरी जाईल. ठेवली तर बाळ्या ऐकेल. बोट 'होय'च्या वर आलं होतं, तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बायको.

"अहो! माझा फोन घेऊन गाडीत काय दडून बसलाय? बहिणीचा फोन यायचाय मला. आणि नेट का बंद केलंत? चेहरा काय झालाय तुमचा, कुणी मेलं का?"

"नाही. कुणी नाही."

"मग द्या इकडे."

त्याने 'नाही'वर बोट टेकवलं आणि फोन देऊन टाकला. नोकरीसाठी ठेवली, असं तो स्वतःला सांगत राहिला. उद्या मालकीणबाईंसमोर फोन आपणच हातात धरायचा, आवाज शून्यावर न्यायचा, आणि विषय संपवायचा.

संध्याकाळी बाळ्या आला. दाराबाहेरच्या नळावर त्याने आधी बूट धुतले, मग हात कोपरापर्यंत, मग मान. तिथे त्याचा वेगळा साबण असायचा, कट्ट्यावर, करवंटीत. कितीतरी वर्षं असायचा. रेडिओने आज तो साबण पहिल्यांदा नीट पाहिला. घरात कुणी त्याला असं कर म्हणून सांगितलं नव्हतं.

"बघू का आता परत जोडून?" बाळ्याने विचारलं.

"नको. दमलायस. उद्या तिथेच जोडू."

"बरं," बाळ्या म्हणाला. रेडिओ आंघोळीला गेला.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंच्या ऑफिसात तो मोटरसायकलवाला आधीच येऊन बसला होता. प्लास्टरमधला हात गळ्यात, चेहरा असा की जगाने त्याचा अपराध केलाय. ऑफिस म्हणजे गॅरेजच्या मागची एक खोली, भिंतीवर किल्ल्यांचे खिळे, टेबलावर पंखा. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "दाखवा."

"मी जोडतो," रेडिओ घाईघाईने गाडीकडे वळला. "कुणाचा फोन घेऊ? बाळ्या, तुझा दे."

"जोडायला नको, बाबा," बाळ्या म्हणाला. "काल तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी फाईल घेतली उतरवून."

रेडिओ दारातच उभा राहिला. त्याने मुलाकडे बघितलं. मुलगा फोनकडे बघत होता.

बाळ्याने फोन बाईंच्या समोर आडवा ठेवला आणि बोट टेकवलं. रस्ता सुरू झाला. रेडिओ चेंबर यायची वाट बघत होता. चेंबर आलं नाही. चित्र त्याच्या पुढूनच सुरू झालं होतं. लाल पट्टीचं टोकसुद्धा नव्हतं. नुसती झाडं, दुकानं, मग चौक, मग उलट्या बाजूने येणारी मोटरसायकल आणि फोनमध्ये खुपसलेलं डोकं. सगळं कसं शांत. धडकसुद्धा शांत, कापूस कापसावर पडल्यासारखी.

मोटरसायकलवाल्याने मान खाली घातली, पण जीभ नाही. "बडबडत होता की नाही ते ऐकवा ना! आवाज लावा."

"हो, आवाज कुठाय?" बाई म्हणाल्या. "आणि हे एवढंसंच? आधीचं?"

"कॅमेरा फाईल तोडत राहतो, बाई. आधीचं वेगळ्या फायलीत जातं, ते पुसलं गेलं," बाळ्या म्हणाला. मग जरा थांबून, "आणि ह्या कॅमेऱ्यात आवाज येत नाही. साधा आहे. स्वस्तातला."

आपल्या पोराला खोटं बोलताना रेडिओने कधी ऐकलं नव्हतं. शाळेत मारामारी करून आला तरी सांगायचा, मीच आधी मारलं. आता सांगताना त्याचा आवाज सरळ होता, पण अंगठा फोनची कड घासत होता, घासत होता.

"रेडिओ," बाई म्हणाल्या, "तुम्हीच सांगा. बोलत होतात का?"

नाही म्हटलं असतं तर संपलं होतं. मुलाने सगळी वाट करून दिली होती.

"बोलत होतो, बाई."

"काय बोलत होतात?"

रेडिओला आपल्या जिभेचा असा भार कधी वाटला नव्हता.

"खोटं बोलत होतो."

बाई हसल्या. "ते तर रोजचंच तुमचं! समोर बघत होतात ना? झालं तर." मोटरसायकलवाल्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही, फोन खिशात ठेवायला शिका. या आता." त्यांनी किल्ली रेडिओच्या पुढ्यात सरकवली. त्याने ती लगेच उचलली नाही. बाळ्याने उचलून त्याच्या हातात ठेवली. बोटांना बोटं लागली, आणि बाळ्याने हात काढून घेतला.

बाहेर आल्यावर बाळ्या म्हणाला, "मला त्या चौकाच्या पुढे सोडा. परवाचं काम अर्धं राहिलंय."

तो नेहमी पुढे बसायचा, बापाच्या शेजारी. त्या दिवशी मागचं दार उघडून मागे बसला. सळ्या पायाशी घेतल्या.

गाडी निघाली. रेडिओने काही बोलायला तोंड उघडलं तर वर काचेवर कॅमेऱ्याचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा लुकलुकत होता.

"बाळ्या..."

"समोर बघून चालवा, बाबा."

एवढंच. ना राग, ना काही. प्रवासी सांगतो तसं.

चेंबर तिथेच होतं. बाळ्या उतरला, झाकण उचललं, पट्टी बांधायला लागला. आणि मग रेडिओने काय करावं? गाडी कडेला लावली, उतरला, आपल्या ड्रायव्हरच्या पांढऱ्या कपड्यांनिशी पट्टीच्या आत गेला आणि सळ्यांचं एक टोक धरून मुलाच्या शेजारी ओणवा झाला. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या बघत होत्या. बाळ्या म्हणाला, "कपडे खराब होतील," आणि बाप म्हणाला, "होऊ देत." आणि दोघांनी मिळून सळई आत लोटली.

आता सगळंच सांगितलंय, तर हेही सांगून टाकते. हे शेवटचं तेवढं मी पदरचं घातलं. बाकी शब्दन् शब्द खरा. पण रेडिओ गाडीतून उतरला नाही. दाराच्या कडीला हात लावून बसला होता. कडी अर्धी ओढलेली, दार न उघडलेलं. मागचं दार उघडून कुणीतरी आत बसलं, पत्ता सांगितला, आणि तो निघाला. त्या प्रवाशाने म्हणे मुलाबाळांचं विचारलं. रेडिओ पूर्ण रस्ताभर एक शब्द बोलला नाही.